मायक्रॉन, नॅनोमीटर आणि मायक्रोस्कोप: बारीक म्हणजे नेमकं किती बारीक?

हवेच्या बातमीत पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) असतं, फोनच्या बातमीत ३ नॅनोमीटरची चिप असते, कुठल्याही साथीची बातमी आली की व्हायरस साधारण १०० नॅनोमीटरचा असतो हे एक वाक्य हमखास असतं, आणि घरात कुणाला ताप आला की रक्ताच्या रिपोर्टवर प्लेटलेट्सच्या पुढे "प्रति मायक्रोलिटर" असं छापून येतं. आपण हे सगळं वाचतो आणि पुढे जातो, कारण डोळ्यासमोर काही येतच नाही. एक किलोमीटर म्हटलं की किती चालावं लागेल ते पायांना कळतं, एक किलो म्हटलं की हाताला कळतं, पण मायक्रॉन म्हटलं की "खूप बारीक" आणि नॅनोमीटर म्हटलं की तेही "खूप बारीक". या दोन "खूप बारीक"मध्ये हजार पटींचा फरक आहे, म्हणजे एक मीटर आणि एक किलोमीटर यात जेवढा आहे तेवढा, आणि तो आपल्याला जाणवतच नाही, हे मला मनापासून खटकतं. कारण हा फरक एकदा अंगात मुरला ना, की मायक्रोस्कोप काय दाखवू शकतो, काय नाही आणि का नाही, हे बरंचसं आपोआप कळतं. म्हणून आधी मापं बघू आणि मग मायक्रोस्कोपकडे जाऊ.

## हजार-हजारची शिडी

साधी पट्टी हातात घ्या. तिच्यावरच्या सगळ्यात बारीक दोन रेघांमधलं अंतर म्हणजे १ मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरचे हजार सारखे तुकडे केले तर एक तुकडा १ मायक्रोमीटरचा. त्या मायक्रोमीटरचे परत हजार तुकडे केले तर १ नॅनोमीटर. बस, एवढंच आहे, दर पायरीला हजाराने भागायचं. वर जाताना पण हजारच, हजार मिलिमीटरचा मीटर आणि हजार मीटरचा किलोमीटर, मधला सेंटीमीटर तेवढा या शिडीत बसत नाही, तो सोयीसाठी ठेवलेला आहे.

घोळ होतो तो नावांमुळे. मिलि ऐकलं की मिलियन आठवतं आणि वाटतं दहा लाखाचा काहीतरी संबंध असेल, पण मिलि म्हणजे हजारावा भाग. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. आणि नॅनो म्हणजे अब्जावा, शंभर कोटींमधला एक. हे शब्द मीटरला लावा, ग्रॅमला लावा, लिटरला लावा, सेकंदाला लावा, अर्थ बदलत नाही.

आणि मायक्रॉन? ते मायक्रोमीटरचंच जुनं नाव आहे. १९६७ साली अधिकृत एककांच्या यादीतून ते काढून टाकलं, पण लोकांच्या तोंडातून काही गेलं नाही, फिल्टर विकणारे, प्लास्टिकची जाडी मोजणारे आणि लॅबमधले लोक आजही सर्रास मायक्रॉनच म्हणतात. चूक वगैरे काही नाही, फक्त दोन्ही एकच आहेत हे माहीत असलं म्हणजे झालं. मीही पुढे दोन्ही वापरणार आहे.

## सगळं जग दहा लाख पट मोठं करू

आकड्यांची शिडी पाठ करून उपयोग नाही, ते चार दिवसांत विसरतं. मला स्वतःला ज्याने उजेड पडला तो खेळ सांगतो. अशी कल्पना करा की जगातली प्रत्येक वस्तू दहा लाख पट मोठी झाली. मग नॅनोमीटरचा होतो मिलिमीटर, मायक्रोमीटरचा होतो मीटर, आणि मिलिमीटरचा होतो किलोमीटर. म्हणजे न दिसणारी सगळी मापं आपल्या रोजच्या ओळखीच्या मापांत येऊन बसतात.

या जगात माणूस सतराशे किलोमीटर उंच असतो, त्याला सोडून देऊ. त्याच्या डोक्यावरचा एक केस मात्र बघा. केसाची जाडी माणसागणिक बदलते, साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, आपण ७० धरू, म्हणजे इथे तो ७० मीटर जाड, वीस-बावीस मजली इमारत आडवी टाकल्यासारखा. त्याच्या शेजारी रक्तातली एक लाल पेशी ठेवली तर ती ७-८ मीटर रुंदीची चकती, दोन मोटारी एकापुढे एक उभ्या केल्या तर होतील तेवढी. पीएम २.५ मधला मोठ्यात मोठा कण अडीच मीटरचा, दारातून आत येताना अडकेल एवढा. आपल्या आतड्यात राहणारा ई-कोलाय हा बॅक्टेरिया दोन मीटर लांब, झोपलेल्या माणसाएवढा. कोरोनाव्हायरस १० सेंटीमीटर, तळहातावर मावेल. डीएनएची दुहेरी दोरी २ मिलिमीटर जाड, खरोखरच्या सुतळीएवढी. आणि अणू? तो या दहा लाख पट मोठ्या जगातसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढाच, बारीक वाळूच्या कणासारखा.

आता "बॅक्टेरिया आणि व्हायरस दोन्ही सूक्ष्मच की" असं कुणी म्हटलं तर झोपलेला माणूस आणि त्याच्या तळहातावरचा चेंडू आठवा. दोन्ही सारखे नाहीत. हे जग डोक्यात ठेवा, पुढे अजून एक-दोनदा इथे यायचंय.

## डोळा कुठे थांबतो

चांगल्या नजरेचा माणूस वाचायच्या अंतरावर, म्हणजे २५ सेंटीमीटरवर, साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचं बघू शकतो. त्याहून जवळजवळचे दोन ठिपके त्याला एकच वाटतात. आपल्या मोठ्या जगात हे झालं १०० मीटर. म्हणजे ७० मीटरचा केस आपल्याला जेमतेम दिसतो तो लांब असल्यामुळे आणि मागच्या रंगावर उठून दिसत असल्यामुळे, पण त्याची जाडी कशी आहे, त्यावर काय आहे हे काही कळत नाही. मानवी स्त्रीबीज हे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक आणि तेही बरोबर या काठावर आहे, ०.१ मिलिमीटरपेक्षा थोडंसं जास्त. बाकी जवळजवळ सगळ्या पेशी काठाच्या पलीकडे.

या काठाच्या पलीकडे पहिल्यांदा ज्यांनी डोकावलं त्यात दोन नावं घ्यायलाच हवीत. इंग्लंडचा रॉबर्ट हूक, त्याने बुचाचा पातळ काप बघितला, त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना "सेल" म्हटलं आणि १६६५ साली ते चित्रांसकट छापलं, तो शब्द आज जगभर चालतो. आणि दुसरा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लीवेनहूक. त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं एकच एक इवलंसं भिंग, डोळ्याला चिकटवून बघायचं. पण ते भिंग तो स्वतः इतकं सुंदर घडवायचा की दोनशे पटींच्या वर मोठं दिसायचं, आणि त्यातून त्याने तळ्याच्या पाण्यातले हलते जीव बघितले, दातांवरच्या थरातले बॅक्टेरिया बघितले. तो ना प्रोफेसर होता ना विद्यापीठात शिकलेला. आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटत असेल तर तो फक्त "बघितलं" म्हणून थांबला नाही, ते केवढं आहे हेही सांगायला धडपडला. मायक्रोमीटर तर तेव्हा नव्हता, मीटरच नव्हता! मग तो वाळूचा कण, केसाची जाडी असल्या गोष्टी माप म्हणून वापरायचा, अमुक जीव वाळूच्या कणाच्या अमुक इतक्या भागाएवढा.

आज शाळा-कॉलेजात असतो तो कंपाउंड मायक्रोस्कोप, म्हणजे दोन टप्प्यांत मोठं करणारा. वस्तूजवळ असतो तो ऑब्जेक्टिव्ह आणि डोळ्याजवळचा आयपीस. हा पहिल्यांदा वापरायला मिळाला तर महागड्या तयार स्लाइड्सच्या मागे न लागता छापील कागदाचा एक कपटा घ्या, त्यावर एखादं अक्षर असेल असा, आणि सगळ्यात कमी पटीच्या लेन्सखाली ठेवा. समजा "क" आहे. तर तो क डोक्यावर उभा दिसतो, शिरोरेघ खाली आणि अक्षर वर. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. आणि जी शाई आपण सलग काळी समजत होतो ती कागदाच्या धाग्यांवर कुठे साचलेली, कुठे निसटलेली, कडा फाटल्यासारख्या. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ त्या एका अक्षराच्या काठावरच फिरत बसलो होतो. नंतर पाण्याचा थेंब ठेवला तेव्हा जाड काळी कड असलेलं एक गोल गोल दिसलं, मला वाटलं पेशी सापडली, तो हवेचा बुडबुडा होता. हे सगळ्यांचंच होतं, काळी जाड रेघ आणि आत अगदी काहीही नाही म्हणजे बुडबुडा समजा.

## "हजार पट" हा आकडा का फसवतो

मायक्रोस्कोप म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती पट? हिशोब सोपा आहे, आयपीस १० पट आणि ऑब्जेक्टिव्ह ४० पट असेल तर एकूण ४०० पट, ऑब्जेक्टिव्ह १०० पट असेल तर हजार. पण हा प्रश्न निम्माच आहे.

रात्री सरळ रस्त्यावर लांबून गाडी येते तेव्हा आधी एकच दिवा दिसतो. गाडी जवळ आली की कळतं, अरे हे दोन आहेत. आता ती गाडी लांब असतानाच मोबाईलने फोटो काढला आणि स्क्रीनवर बोटांनी ताणत ताणत मोठा केला तर काय होईल? मोठा, ढोबळ, पसरलेला एकच दिवा दिसेल. पन्नास पट मोठा केला तरी एकच. कारण दोन दिवे वेगळे असल्याची माहिती फोटोत आलेलीच नाही.

जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून दाखवायची जी ताकद, तिला म्हणतात रिझोल्यूशन. पुस्तकी मराठीत विभेदन. मायक्रोस्कोपची खरी किंमत ही आहे, पट नव्हे. म्हणून कुठल्या छोट्या डिजिटल मायक्रोस्कोपवर १६०० पट लिहिलेलं दिसलं तर आधी विचारावं, कुठल्या स्क्रीनवर? कारण तेच चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलं तर दहा हजार पटसुद्धा होईल आणि तपशील तेवढेच राहतील.

## प्रकाशच आडवा येतो

मग चांगल्यात चांगली भिंगं घासली, पैसे ओतले, तर रिझोल्यूशन हवं तेवढं वाढवता येईल ना? हेच सगळ्यांना वाटत होतं, आणि १८७३ साली जर्मनीच्या अर्न्स्ट आबेने दाखवून दिलं की नाही, एक भिंत आहे, आणि ती भिंगाची नाही, प्रकाशाचीच आहे.

प्रकाश ही लाट आहे आणि लाटेला लांबी असते, एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतची, तिला म्हणतात तरंगलांबी. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची ती साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, मधल्या हिरव्याची ५५० धरू. आता परत आपल्या दहा लाख पट मोठ्या जगात चला. तिथे हिरव्या प्रकाशाची एक लाट ५५ सेंटीमीटर लांब आहे. अर्धा मीटर! आणि या अर्ध्या मीटरच्या लाटांनी आपल्याला तळहातावर मावणारा १० सेंटीमीटरचा व्हायरस चाचपून बघायचाय. जाड हातमोजे घालून नाण्यावरची अक्षरं बोटांनी वाचायला सांगितल्यासारखं आहे हे. नाणं आहे एवढं कळेल, अक्षरं नाही कळणार. तळ्यात बारीकशी काडी उभी असेल तर लांबलचक लाट तिच्यावरून काही झालंच नाही अशी निघून जाते, मोठा खडक असेल तर मात्र लाट अडते, वळते, खडकाचा आकार लाटेत उमटतो. तसंच.

हिशोब करायचा तर तरंगलांबीला एका आकड्याच्या दुपटीने भागायचं. हा आकडा ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला असतो, त्याला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात, लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं ते माप. चांगल्या ऑइल लेन्सला तो १.४ पर्यंत जातो. ५५० भागिले २.८ म्हणजे साधारण २०० नॅनोमीटर. हीच ती भिंत. १०० पटीच्या लेन्सला तेलाचा थेंब का लावतात तेही इथेच कळतं, स्लाइडच्या काचेतून प्रकाश हवेत आला की तिरपे किरण इतके वाकतात की लेन्सच्या बाहेरच जातात, आणि ते तेल प्रकाशासाठी जवळजवळ काचेसारखंच असल्यामुळे किरण न वाकता थेट लेन्समध्ये शिरतात. म्हणजे तेल चित्र "साफ" करायला नसतं, हरवणारा प्रकाश परत मिळवायला असतं.

आणि आता हजार पटींचं कोडं सुटतं बघा. २०० नॅनोमीटर हजार पट मोठे केले की होतात ०.२ मिलिमीटर, आणि आपला डोळा ०.१ मिलिमीटर बघू शकतो. म्हणजे प्रकाश जेवढं देऊ शकतो ते सगळं डोळ्यापर्यंत पोचवायला हजार-बाराशे पट पुरतात, त्याच्या वर जे काही आहे ते मोबाईलवर फोटो ताणण्यासारखं आहे.

## मग व्हायरसचे फोटो येतात कुठून?

लाट लांब पडते ना, मग आखूड लाट वापरायची. वेगाने पळणारे इलेक्ट्रॉनसुद्धा लाटेसारखे वागतात, आणि १ लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी असते साधारण ०.००३७ नॅनोमीटर, हिरव्या प्रकाशापेक्षा जवळपास दीड लाख पट आखूड. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय कॉइल्स वापरून इलेक्ट्रॉनचा पहिला मायक्रोस्कोप बनवला, आणि रुस्काला त्यासाठी नोबेल मिळालं ते १९८६ साली, पंचावन्न वर्षांनी. आजचे चांगले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जातात, म्हणजे अणूंच्या रांगा दिसतात.

मग सगळं त्यानेच का नाही बघत, असा प्रश्न येणारच. कारण हवेत इलेक्ट्रॉन टिकत नाही, रेणूंवर आपटून भरकटतो, म्हणून आतली सगळी हवा काढून टाकावी लागते आणि निर्वात जागेत ओली जिवंत पेशी टिकत नाही. नमुना वाळवावा लागतो, किंवा शंभर नॅनोमीटरहून पातळ कापावा लागतो, किंवा त्यावर सोन्यासारख्या धातूचा थर द्यावा लागतो. अलीकडे पाणी इतक्या झटक्यात गोठवतात की बर्फाचे स्फटिकच तयार होत नाहीत आणि रेणू आहे त्या आकारात अडकून राहतो, या क्रायो पद्धतीला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तरी ते गोठलेलंच. हलणारं, वाढणारं, दोन होणारं काही बघायचं तर प्रकाशाचा मायक्रोस्कोपच लागतो.

आणि ते लाल-हिरवे व्हायरस? रंग नंतर भरलेले असतात. इलेक्ट्रॉनला रंग ठाऊकच नाही, चित्र काळं-पांढरं येतं, आणि वेगवेगळे भाग ओळखू यावेत म्हणून कॉम्प्युटरवर रंगवतात. फसवणूक नाही ती, पण मला वाटतं बातमीत तसा फोटो टाकताना "रंग कृत्रिम" एवढे दोन शब्द लिहायलाच हवेत, नाहीतर लोक खरंच समजतात की व्हायरस लाल असतो.

प्रकाशाची ती २०० नॅनोमीटरची भिंतसुद्धा एका युक्तीने चुकवता येते. रात्री लांबच्या वस्तीतले सगळे दिवे एकदम लागले की नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो. पण एका वेळी एकेकच घरातला दिवा लावला तर प्रत्येक धूसर गोळ्याच्या बरोबर मध्यावर एक टिंब मांडता येईल, आणि सगळी टिंबं मिळून वस्तीचा नकाशा. पेशीतल्या चमकणाऱ्या रेणूंबाबत असंच करतात, २०-३० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, आणि या असल्या पद्धतींना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आबे चुकला असं मात्र नाही, धूसर गोळा अजून तेवढाच आहे.

## दिसलं, पण केवढं आहे?

हा भाग बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. आयपीसच्या आत एक गोल काच बसवता येते, तिच्यावर शंभर भागांची बारीक पट्टी कोरलेली असते. पण त्या भागांना काही एकक नसतं! कारण लेन्स बदलली की वस्तू लहान-मोठी दिसते आणि पट्टी तेवढीच राहते. मग एक खास स्लाइड घ्यायची, स्टेज मायक्रोमीटर म्हणतात, जिच्यावर खरोखरचा १ मिलिमीटर शंभर भागांत कोरलेला असतो, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. दोन्ही पट्ट्या एकावर एक आणायच्या आणि बघायचं. समजा ४० च्या लेन्सला आयपीसचे १०० भाग खालच्या २५ भागांवर बसले, म्हणजे २५० मायक्रोमीटरवर, तर आयपीसचा एक भाग झाला २.५ मायक्रोमीटर. हा आकडा कागदावर लिहून मायक्रोस्कोपलाच चिकटवून ठेवायचा. आता गालाच्या आतली पेशी ठेवा, ती २४ भाग व्यापते, म्हणजे ६० मायक्रोमीटर. लाल रक्तपेशी ३ भाग, साडेसात मायक्रोमीटर. दर लेन्ससाठी हे वेगळं करावं लागतं.

ही खास स्लाइड नसेल तर अंदाजाची एक वाट आहे. आयपीसवर बऱ्याचदा १८ किंवा २० असा एक आकडा असतो, त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिलिमीटर, ४५० मायक्रोमीटर. गोलात आडव्या नऊ पेशी बसल्या तर एक साधारण ५० ची.

म्हणूनच चित्राखाली "४०० पट" लिहिण्यापेक्षा कोपऱ्यात एक छोटी रेघ आणि "१० मायक्रोमीटर" लिहिलेलं कधीही चांगलं. चित्र पोस्टरवर छापा की फोनवर बघा, रेघ चित्रासोबतच मोठी-लहान होते आणि खरीच राहते.

## पण ती खास स्लाइड तरी बरोबर कशावरून?

ती कंपनीच्या पट्टीशी पडताळलेली, ती अजून अचूक पट्टीशी, असं वर वर जात गेलं की शेवटी मीटरची व्याख्याच येते. १७९१ साली फ्रान्समध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत वर्षानुवर्षं मोजणी करून १७९९ ला प्लॅटिनमची पट्टी बनवली, आणि तरी ती ठरल्यापेक्षा साधारण ०.२ मिलिमीटर आखूड निघाली. १९६० साली पट्टी सोडून क्रिप्टॉन अणूच्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर मीटर बेतला, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तो मीटर. ही व्याख्या कुणाच्या कपाटात बंद नाही, घासत नाही, हरवत नाही, जगातल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत तीच निघते.

## रिपोर्टवरचा "प्रति मायक्रोलिटर"

लिटरचा दहा लाखावा भाग, बरोबर. पण तो केवढा? प्रत्येक बाजू १ मिलिमीटर असलेला एक ठोकळा, बस. पट्टीवरच्या दोन रेघांमधल्या जागेएवढा. आणि निरोगी माणसाच्या तेवढ्या रक्तात प्लेटलेट्स असतात साधारण दीड ते साडेचार लाख, आणि लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास. पहिल्यांदा कळतं तेव्हा विश्वास बसत नाही, एवढ्या मावतील कशा? तर इथे लक्षात ठेवायचं की लांबी हजार पट कमी झाली की घनफळ हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे अब्ज पट कमी होतं. त्या मिलिमीटरच्या ठोकळ्यात १ मायक्रोमीटरचे अब्ज ठोकळे बसतात. एक लाल पेशी साधारण असे ९० ठोकळे व्यापते. पन्नास लाख गुणिले ९० म्हणजे ४५ कोटी, ठोकळ्याचा ४५ टक्के भाग. रिपोर्टवर हिमॅटोक्रिट म्हणून जे टक्के असतात ना, ते हेच.

आज मशीन मोजतं, पण हाताने मोजायची पद्धत अजून शिकवतात. न्यूबॉवर चेंबर नावाची जाड स्लाइड असते, तिच्यावर १ मिलिमीटर बाजूचे नऊ चौकोन आखलेले आणि वरची काच बरोबर ०.१ मिलिमीटर उंचीवर बसते, म्हणजे एका चौकोनावर मायक्रोलिटरचा दहावा भाग. पांढऱ्या पेशींसाठी रक्त वीस पट पातळ करतात आणि चार कोपऱ्यांचे चौकोन मोजतात. १४० पेशी मिळाल्या तर गुणिले ५०, झाल्या ७,००० प्रति मायक्रोलिटर.

औषधांच्या बाबतीत मात्र ही शिडी जिवावर बेतू शकते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यात हजार पटींचा फरक, आणि मायक्रोचं चिन्ह म्हणून जे ग्रीक म्यू अक्षर लिहितात ते घाईच्या हस्ताक्षरात "एम"सारखं दिसतं. म्हणून औषध लिहिताना म्यू टाळून "एमसीजी" लिहावं असा आग्रह धरतात. एककांचा घोळ मोठमोठ्या लोकांचाही होतो, १९९९ साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर बलाचे आकडे पाउंडात देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन (बलाचं मेट्रिक एकक) समजत होती.

## आणि ती ३ नॅनोमीटरची चिप?

इथे बरेच जण विचारतात, चिपवर ३ नॅनोमीटरची रेघ काढतात म्हणजे डीएनएच्या जाडीच्या आसपास पोचले की! नाही. एके काळी या आकड्याचा ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपवरच्या इवल्याशा स्विचच्या, एका भागाच्या लांबीशी खरा संबंध होता, आता ते पिढीचं नाव आहे, माप नाही. त्या चिपवर शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरमधलं अंतर अजून ४५-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. कौतुक कमी होत नाही, व्हायरसच्या अर्ध्याएवढ्या जागेत एकेक बसवायचा म्हणजे काय हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि मजा म्हणजे आबेची भिंत तिथेही आहे. चिपवरची नक्षी प्रकाशानेच उमटवतात, आणि प्रकाशाने जेवढं बारीक बघता येत नाही तेवढं बारीक रेखाटताही येत नाही. म्हणून आधी १९३ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश वापरला, आणि आता अगदी बारीक थरांसाठी १३.५ नॅनोमीटरचा वापरतात, जो काचेतही शोषला जातो आणि हवेतही, त्यामुळे त्या मशीनमध्ये एकही भिंग नसतं, सगळं काम निर्वात जागेत आरशांवर चालतं.